दप्तराचे पान आणि यंत्राचे पान

वैनगंगेच्या काठच्या बालाघाट शहरातून रेल्वेने दक्षिणेकडे निघालेला प्रवासी थोड्याच वेळात गोंदियास उतरतो. अंतर फार नाही. बोली मिळतीजुळती, सोयरिकी दोन्हीकडच्या, धानाची शेतेही सारखीच. जमिनीच्या कागदांची नावे मात्र वाटेत बदलतात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून दोन्हीकडच्या महसुली दप्तरांच्या वाटा निराळ्या झाल्या. गोंदियाचा शेतकरी सातबारा मागतो. बालाघाटचा शेतकरी खसरा मागतो. गोंदियात खातेदाराच्या नावावर किती जमीन आहे हे आठ-अ सांगतो. बालाघाटात तेच काम बी-1 करतो. गोंदियात हक्काचा बदल फेरफार नोंदवहीतून जातो, तर बालाघाटात नामांतरणाच्या पंजीतून. नावे वेगळी असली तरी घडण एकच आहे. एक वही शेतांच्या क्रमाने लिहिलेली, दुसरी माणसांच्या क्रमाने लिहिलेली आणि तिसरी बदलांच्या क्रमाने लिहिलेली. या तिन्ही वह्या एकमेकींच्या साक्षीदार आहेत.

आता ही दप्तरे संगणकावर गेली आहेत. भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग केंद्र सरकारने 1988-89 साली देशातील आठ जिल्ह्यांत सुरू केला, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा आणि मध्य प्रदेशातील मुरैना हे जिल्हे होते. 2008 साली त्या कामास राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप मिळाले. आज शेतकऱ्याला खसऱ्याची प्रत यंत्रातून छापून मिळते. कागदावर ओळी सुबक दिसतात, आणि साहजिकच त्याला वाटते की यंत्राच्या पोटातही त्या तशाच, एकीखाली एक, लिहून ठेवलेल्या असाव्यात. तसे नसते. यंत्राच्या पोटातही पाने असतात, पण ती माणसाच्या डोळ्यांसाठी मांडलेली नसतात. एखादे पान बिघडले तर ते उघडून पाहण्याचे व प्रसंगी हाताने दुरुस्त करण्याचे एक हत्यार तज्ज्ञांपाशी असते. त्या पानांत वाट कशी काढतात आणि वाट चुकली तर काय होते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अशी हत्यारे अनेक आहेत. येथे उदाहरणासाठी घेतले आहे ते आर-डी-बी या डेटाबेस-प्रणालीचे. ही प्रणाली अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने आपल्या व्हॅक्स यंत्रांसाठी रचली आणि 1994 साली ती ओरॅकल कंपनीकडे गेली. तिच्या दुरुस्तीच्या हत्याराला आर-डी-बी-ऑल्टर म्हणतात. बालाघाटची दप्तरे या प्रणालीत आहेत असा याचा अर्थ नव्हे. तिची मांडणी स्पष्ट आहे आणि गावच्या दप्तराशी ती इतकी जुळते की समजावण्यास सोपी जाते, एवढ्याचसाठी तिची निवड.

तहसील कचेरीत गेलेल्या माणसाला विचारतात, गाव कोणते, पटवारी हलका कोणता, खसरा नंबर काय. हे सांगितल्याशिवाय कारकून कपाटाला हात लावीत नाही. डेटाबेसचेही तसेच आहे. सगळा मजकूर अनेक साठवणक्षेत्रांत विभागलेला असतो, आणि प्रत्येक साठवणक्षेत्र म्हणजे डिस्कवरची एक स्वतंत्र फाइल. सर्वांच्या वर एक मूळ फाइल असते. कोणते क्षेत्र कोणत्या नावाचे व ते कुठे ठेवले आहे, याची यादी त्या मूळ फाइलीत. क्षेत्राच्या आत सारख्या मापाची पाने, आणि पानाच्या आत ओळी. म्हणून कोणत्याही नोंदीचा पत्ता तीन आकड्यांत सांगता येतो: क्षेत्र, पान, ओळ. 57, 347, 2 असा पत्ता असला की सत्तावन्न क्रमांकाच्या क्षेत्रातील तीनशे सत्तेचाळिसाव्या पानावरची दोन क्रमांकाची ओळ.

पाने सारख्या मापाची असण्यात एक मोठी सोय आहे. या प्रणालीत पानाचे नेहमीचे माप 1024 बाइट, म्हणजे 512 बाइटांचे दोन ठोकळे. पाने एकपासून मोजली, तर 347 व्या पानापूर्वी 346 पाने असतात, आणि 346 गुणिले 1024 म्हणजे 354304 बाइट ओलांडले की ते पान सुरू होते. यंत्राला पाने उलटीत जावे लागत नाही. एक गुणाकार करून ते नेमक्या जागी उतरते. पटवाऱ्याच्या बस्त्यात ही सोय नाही, कारण तिथे एका शेताची नोंद चार बोटांत मावते, तर दुसऱ्या शेताच्या वाटण्या अर्धे पान खातात.

पत्त्यातील पहिल्या आकड्यात मात्र एक खाच आहे, आणि नवशिके तिथेच अडखळतात. नोंदीच्या पत्त्यात जो क्षेत्रक्रमांक असतो तो तार्किक क्षेत्राचा असतो. म्हणजे एखाद्या तक्त्याला किंवा सूचीला मनाने दिलेली हद्द. फाइल ज्याची असते ते भौतिक क्षेत्र निराळे, आणि त्याचा क्रमांकही निराळा. एका भौतिक क्षेत्रात कित्येक तार्किक क्षेत्रे नांदू शकतात. पानाचे आकडे मात्र भौतिक क्षेत्रात मोजलेले असतात. 57 हा आकडा पाहून कोणी सरळ सत्तावन्नाव्या फाइलीत शिरला तर तिथेही 347 वे पान सापडेल, त्यावरही दोन क्रमांकाची ओळ असेल, आणि ती दुसऱ्याच कोणाची असेल. 112 नंबरचा खसरा किरनापूरकडच्या एका गावातही असतो आणि लांजीकडच्या दुसऱ्या गावातही. गाव न विचारता नंबर शोधणाऱ्याला नंबर सापडतोच, आणि तो चूक आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

म्हणून हत्यार हाती घेतल्यावर पहिल्या दोनच आज्ञा द्यायच्या असतात. ‘एरिया’ या आज्ञेने क्षेत्र ठरते, ‘पेज’ या आज्ञेने पान. यानंतर ‘डिस्प्ले’ म्हटले की पानाचा मजकूर पडद्यावर येतो. या तिन्ही आज्ञांनी काहीही बदलत नाही. माणूस दिवसभर पानापानांतून हिंडला तरी दप्तर जसेच्या तसे राहते.

पान समोर आले की आधी त्याचा माथा वाचायचा. शाळेच्या दाखल-खारिज पंजीच्या प्रत्येक पानावर जसा पृष्ठक्रमांक छापलेला असतो, तसा या पानावरही असतो, आणि तो मुद्दाम असतो. पहिल्या चार बाइटांत पानाचा क्रमांक, पुढच्या दोहोंत भौतिक क्षेत्राचा क्रमांक. आपण मागितलेले पान तेच का, याचा पुरावा पान स्वतःच देते. त्यापुढे चार बाइटांची पडताळणी-बेरीज असते: पानातल्या मजकुरापासून काढलेली एक संख्या. पान लिहिताना ती काढून ठेवतात, वाचताना पुन्हा काढतात, आणि दोन्ही जुळल्या नाहीत तर पान बिघडले असे समजतात. तिच्यापुढे आठ बाइटांत शेवटच्या लिखाणाची वेळ, मग पानावर मोकळी जागा किती, राखून ठेवलेली जागा किती, आणि ओळी किती. हा सगळा माथा चोवीस बाइटांचा.

चोवीस बाइटांनंतर ओळींची अनुक्रमणिका सुरू होते. प्रत्येक ओळीला चार बाइट; दोहोंत ओळ पानाच्या कोणत्या जागी सुरू होते ते, दोहोंत तिची लांबी. उदाहरणार्थ, 880 व्या जागेपासून 96 बाइट. येथे एक गंमत आहे. अनुक्रमणिका वरून खाली वाढते आणि प्रत्यक्ष नोंदी पानाच्या तळाकडून वर चढतात. मधली जागा मोकळी. दोघींची गाठ पडली की पान भरले. एखादी नोंद पानातल्या पानात सरकली तर अनुक्रमणिकेतला जागेचा आकडा बदलतो, ओळीचा क्रमांक बदलत नाही. त्यामुळे बाहेर जिथे जिथे 57, 347, 2 असा पत्ता लिहिलेला असेल तो खराच राहतो. ही युक्ती ज्याने काढली त्याला दप्तरखान्याच्या कामाची चांगली जाण असली पाहिजे. नोंद इतकी वाढली की पानात मावेनाशी झाली, तर उरलेला तुकडा दुसऱ्या पानावर जातो आणि मूळ जागी त्याचा निर्देश राहतो. कागदाच्या वहीतही ‘पुढे पाहा’ असे लिहून पुरवणी पान जोडतातच.

आता नोंदीचा मजकूर. तो षोडशमान अंकांत दिसतो, म्हणजे शून्य ते नऊ आणि त्यापुढे ए ते एफ अशी सोळा चिन्हे. प्रत्येक बाइटाला दोन. ‘रेडिक्स’ या आज्ञेने अंकपद्धती बदलता येते, पण सरावलेली माणसे षोडशमानच पसंत करतात. व्हॅक्सच्या परंपरेतील पद्धत अशी की पडद्यावर हे अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे आणि शेजारची अक्षरे डावीकडून उजवीकडे. एकाच ओळीत दोन दिशा! पहिल्या दिवशी डोके गरगरते.

त्या अक्षरांच्या रकान्यात मराठी-हिंदी नावे बहुधा दिसतच नाहीत; त्यांच्या जागी नुसते ठिपके असतात, कारण तो रकाना रोमन अक्षरांपुरताच. नाव ओळखायचे तर आकड्यांतूनच. 1991 च्या भारतीय मानकाप्रमाणे साठवलेल्या देवनागरीत एका चिन्हाला एक बाइट लागतो. हल्लीच्या युनिकोडच्या प्रचलित रूपात तीन लागतात, आणि त्यांतले पहिले दोन नेहमी ई-शून्य ए-चार किंवा ई-शून्य ए-पाच असे असतात. दर तिसऱ्या जागी ई-शून्य दिसू लागले की जाणकार समजतो, येथे देवनागरी आहे. ‘रामाजी’ या नावात काना-वेलांट्या धरून सहा चिन्हे आहेत. जुन्या पद्धतीत त्यांना सहा बाइट पुरत, नव्या पद्धतीत अठरा लागतात. पुढे हाताने बदल करण्याची वेळ आली की हा हिशेब फार महत्त्वाचा ठरतो. नेमून दिलेल्या जागेपेक्षा मोठे नाव तिथे कोंबले तर ते शेजारच्या नोंदीवर चढते, आणि शेजारी म्हणजे दुसरा शेतकरी.

पण नावापेक्षाही आकड्यांची गोष्ट धोक्याची आहे. समजा, लांजी तहसिलीतील एका शेतकऱ्याचे शेत 1.214 हेक्टरचे आहे. जुन्या मापाने तीन एकर. दशांश टाळण्यासाठी यंत्रात ही संख्या 1214 अशी चार बाइटांत ठेवली आहे. षोडशमानात 1214 म्हणजे शून्य-चार, बी-ई. व्हॅक्स घराण्यातील यंत्रे मात्र लहान किमतीचा बाइट आधी ठेवतात. म्हणजे डिस्कवर क्रम येतो तो बी-ई, शून्य-चार, आणि नंतर दोन शून्य बाइट. दुरुस्ती करणाऱ्याने घाईत आपल्या वाचनाच्या सवयीप्रमाणे शून्य-चार आधी आणि बी-ई नंतर लिहिले, तर यंत्र ती संख्या 48644 अशी वाचते. तीन एकरांचा धनी क्षणात 48.644 हेक्टरांचा, म्हणजे सुमारे एकशे वीस एकरांचा जमीनदार होतो. यात कोणाची लबाडी नाही. दोन बाइटांची जागा बदलली, इतकेच. आणि चूक उलट दिशेने झाली तर एकशे वीस एकरांचे तीन एकर होतील. मग बँकेत पीककर्ज घ्यायला किंवा सरकारी खरेदीसाठी धानाची नोंदणी करायला गेलेला माणूस खिडकीपाशी उभा राहील, आणि खिडकीच्या आतला माणूस छापील कागदावर बोट ठेवील.

एरवी असा आकडा प्रणाली सहसा स्वीकारीत नाही. रीतसर मार्गाने बदल आला तर ती विचारते: हे बदलण्याचा अधिकार कोणाचा? रकबा गावाच्या एकूण क्षेत्रात बसतो का? बी-1 मधील बेरीज जुळते का? हे नियम तिच्यात आधीच घालून ठेवता येतात. आर-डी-बी-ऑल्टर यांपैकी काहीही विचारीत नाही. ‘डिपॉझिट’ या आज्ञेने सांगितलेल्या जागी सांगितलेला बाइट ठेवणे एवढेच त्याला माहीत. तो बाइट रकब्याचा आहे, नावाचा आहे की ओळीच्या अनुक्रमणिकेचा, हे त्याला कळत नाही आणि कळावे अशी अपेक्षाही नाही. म्हणूनच हे हत्यार शेवटचा उपाय म्हणून, बिघडलेल्या डेटाबेसला तात्पुरते ठिगळ लावण्यापुरते वापरावे. नित्याच्या दुरुस्त्यांसाठी त्याला हात लावू नये, असे त्याच्या निर्मात्यांचेच बजावणे आहे.

याचे कारण एका पानात संपत नाही. नोंदीचे साक्षीदार इतरत्र विखुरलेले असतात. खातेदाराच्या नावाची सूची दुसऱ्याच पानांवर असते, कदाचित दुसऱ्याच क्षेत्रात. नोंदीत नाव बदलले आणि सूचीत जुनेच राहिले, तर नावाने शोधणाऱ्याला एक उत्तर मिळेल आणि शेताच्या क्रमांकाने शोधणाऱ्याला दुसरे. खसऱ्यात एक आणि बी-1 मध्ये दुसरे, अशी तफावत बालाघाटच्या शेतकऱ्याला नवी नाही. सातबारा आणि आठ-अ यांचे भांडण गोंदियाच्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. याशिवाय प्रत्येक साठवणक्षेत्रात ठराविक अंतरावर काही पाने केवळ जागेच्या हिशेबासाठी राखलेली असतात, आणि क्षेत्राचे पहिले पान याच जातीचे. आपल्या ताब्यातील प्रत्येक पान कितपत भरले आहे, हे ती चार पायऱ्यांत लिहून ठेवतात. कोणी एखाद्या पानातील मोकळ्या जागेचा आकडा हाताने बदलला आणि हिशेबाच्या पानाला ते कळवलेच नाही, तर यंत्र भरलेल्या पानाकडे जागा मागायला जाईल, किंवा मोकळे पान असूनही तिकडे फिरकणार नाही.

मध्य प्रदेशाच्या 1959 च्या भू-राजस्व संहितेत नामांतरणासाठी 110 वे कलम आहे आणि चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीसाठी 115 वे. दोन्हींचे तात्पर्य असे की नोंद बदलायची तर सक्षम अधिकाऱ्याचा आदेश हवा. शाळेच्या पंजीतही जन्मतारीख खोडून नवी लिहिता येत नाही. आदेश लागतो, तांबडी रेघ लागते, मुख्याध्यापकांची सही लागते, आणि रेघेखालची जुनी तारीख वाचता आली पाहिजे. यंत्रातला बाइट बदलला की जुना बाइट रेघेखाली उरत नाही. तो गेलाच.

म्हणून जाणते लोक हे काम कसे करतात ते पाहण्याजोगे आहे. आधी सगळ्या डेटाबेसची प्रत घेऊन ठेवतात, आणि शक्यतो त्या प्रतीवरच पहिला प्रयोग करतात. सत्र सुरू होताच ‘लॉग’ ही आज्ञा देतात. तिच्यामुळे दिलेली प्रत्येक आज्ञा आणि आलेले प्रत्येक उत्तर एका वेगळ्या फाइलीत उतरत जाते. हीच त्यांची फेरफार नोंदवही. मग क्षेत्र, मग पान, मग माथा. पानाने सांगितलेला क्रमांक मागितलेल्या क्रमांकाशी ताडून पाहतात. ओळीची जागा आणि लांबी अनुक्रमणिकेवरून मोजतात. बदलायचे बाइट आधी आहेत तसे दाखवून घेतात, म्हणजे जुना मजकूर निदान लॉगमध्ये राहतो. त्यानंतरच ‘डिपॉझिट’. ते झाल्यावरही बदल लगेच डिस्कवर जात नाही. ‘कमिट’ म्हणेपर्यंत तो अधांतरी असतो, आणि ‘रोलबॅक’ म्हटले की विरून जातो. या दोन आज्ञांमधला काळ म्हणजे शाई वाळण्यापूर्वीचा काळ. अनुभवी माणूस तो घाईने संपवीत नाही. पान पुन्हा दाखवून घेतो, ‘व्हेरिफाय’ करतो, दुसऱ्या कोणाला तरी बोलावून आकडे मोठ्याने वाचायला लावतो.

इतर प्रणालींतही थोड्याफार फरकाने हीच रचना आढळते. पोस्टग्रेस या मुक्त प्रणालीचे पान 8192 बाइटांचे, आणि तिथेही नोंदीचा पत्ता पान व ओळ असा जोडीनेच सांगतात. माथा वर, अनुक्रमणिका खाली उतरणारी, नोंदी तळाकडून वर चढणाऱ्या. मायक्रोसॉफ्टच्या एस-क्यू-एल सर्व्हरचे पानही आठ किलोबाइटांचे असून अशी आठ पाने मिळून एक गठ्ठा होतो. माय-एस-क्यू-एलच्या प्रचलित भांडारात पान सोळा किलोबाइटांचे. या सर्वांत पाने केवळ पाहण्याची साधने सहज मिळतात. लिहिण्याची साधने मात्र आडबाजूला ठेवलेली असतात. काहींचा तर उल्लेखही अधिकृत पुस्तिकेत नसतो. हे योग्यच आहे.

‘कमिट’ झाल्यावर काम संपत नाही. संपूर्ण डेटाबेसची तपासणी चालवावी लागते. ती प्रत्येक क्षेत्रातील प्रत्येक पान उघडते, बेरजा पुन्हा करते आणि सूचीतल्या प्रत्येक पत्त्यावर खरोखर नोंद आहे का ते जाऊन पाहते. मोठ्या दप्तरात याला अख्खी रात्र लागू शकते. ती निर्वेध पार पडली की सगळ्याची नवी प्रत घेतात, कारण जुन्या प्रतीत जुना बिघाड तसाच असतो. लॉगची फाइल छापून, तिच्यावर तारीख व सह्या घालून, ज्या आदेशावरून दुरुस्ती केली त्या आदेशाला जोडून ठेवतात. पुढे एखाद्या दिवशी त्या तीन एकरांचा धनी आपला खसरा आणि बी-1 शेजारी शेजारी धरून कचेरीत आला, तर त्याच्यासमोर तोच कागद उघडायचा असतो.